४.२ व्होल्टची लक्ष्मणरेषा

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत विद्युतघंटा आणि धूर ओकणारे ज्वालामुखी अजूनही असतात. पण शेजारच्या टेबलावर आता चार पंख्यांचे ड्रोन हमखास मांडलेले दिसते. त्याच्या पोटाशी पट्टीने बांधलेले, साबणाच्या लांबट वडीएवढे एक पुडके असते. ही लिथियम-पॉलिमर घटांची माला. मुले तिला लाडाने ‘लिपो’ म्हणतात. ती चार्ज कशी करता, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: ‘मोबाईल लावतो तशीच. रात्री लावायची, सकाळी काढायची.’ नेमकी येथेच गफलत होते.

मोबाईलच्या घटाला चिकटून एक छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल बसवलेले असते. घट पुरेसा भरला, फार रिकामा झाला किंवा त्यातून बेसुमार धारा वाहू लागली, की हा पहारेकरी जोडणी तोडून टाकतो. छंदासाठी मिळणाऱ्या लिपो मालेत सहसा असा पहारेकरी नसतो. ड्रोनच्या मोटारी एका दमात वीस-तीस अँपिअर धारा ओढतात. एवढी धारा पेलणारे मंडल बसवले तर वजन वाढते. शिवाय त्याने हवेत असतानाच जोडणी तोडली तर यंत्र दगडासारखे खाली येईल. म्हणून पहारेकरी बाहेर ठेवला आहे. चार्जर हा त्याचा अर्धा भाग आणि चार्जर लावणारा माणूस हा दुसरा अर्धा!

आता घटाच्या आत डोकावू. एका बाजूला तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा थर असतो, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडसारख्या संयुगाचा थर. दोहोंच्या मध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा असतो. त्याची जाडी साधारण २० मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. हे सारे एका सेंद्रिय, ज्वालाग्राही द्रवात भिजलेले असते. (नावात ‘पॉलिमर’ असले तरी बाजारातल्या बहुतेक घटांत द्रव किंवा जेलीसारखा पदार्थच असतो; खरा फरक आहे तो धातूच्या डब्याऐवजी वापरलेल्या मऊ पाकिटाचा.) घट चार्ज होताना लिथियमचे आयन ऑक्साइडच्या थरातून निघतात, पडदा ओलांडतात आणि ग्राफाइटच्या पापुद्र्यांमध्ये जाऊन बसतात. घट वापरताना ते परत येतात. कोबाल्ट ऑक्साइडचा हा उपयोग जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये दाखवला आणि १९९१ मध्ये असे घट बाजारात आले. गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच कामासाठी.

मग ४.२ व्होल्टचे महत्त्व काय? घटाचे विभवांतर ४.२ व्होल्टला पोहोचते तेव्हा कोबाल्ट ऑक्साइडमधील सुमारे निम्मेच लिथियम बाहेर पडलेले असते. उरलेले निम्मे काढायचे नसते, कारण स्फटिकाची इमारत त्याच्या आधारावर उभी असते. आपण रेषा ओलांडून चार्ज करीतच राहिलो तर हे खांबही निघू लागतात, इमारत डळमळते आणि तापल्यावर तिच्यातून ऑक्सिजन सुटतो. इकडे ग्राफाइटमध्ये तर जागाच उरलेली नसते. दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम, एवढीच तेथे सोय! जास्तीचे लिथियम मग पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते, त्याला सुईसारखे कोंब फुटतात आणि एखादा कोंब तो पातळ पडदा भेदू शकतो. पडदा भेदला की घट आतल्या आत लघुपरिपथित होतो. उष्णता निर्माण होते, तिने रासायनिक विक्रिया वेगाने होतात, त्यांतून आणखी उष्णता. सुमारे १३० अंश सेल्सिअसला पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो आणि मग हा क्रम बाहेरून थांबवणे कठीण होते. ज्वालाग्राही द्रव, उष्णता आणि ऑक्सिजन ही त्रयी एकाच पाकिटात आली, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

यात ऊर्जा किती, याचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकाल. तीन घटांच्या नेहमीच्या मालेवर ११.१ व्होल्ट आणि २२०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले असते. २.२ अँपिअर गुणिले ३६०० सेकंद म्हणजे ७९२० कूलोम, त्याला ११.१ ने गुणले की सुमारे ८८,००० ज्यूल. पन्नास किलो वजनाच्या मुलाला १७९ मीटर उंच, म्हणजे दोन कुतुबमिनारांपेक्षाही उंच उचलायला एवढी ऊर्जा लागते. आणि हा झाला केवळ विद्युत ऊर्जेचा हिशेब; आतला द्रव जळाला तर त्याची उष्णता वेगळी.

चांगला चार्जर घट कसा भरतो? नळाखाली कळशी भरताना आपण काय करतो ते आठवा. प्रथम नळ पूर्ण सोडतो. पाणी काठाशी आले की नळ बारीक करीत जातो. चार्जरही आधी ठरावीक धारा देतो. विभवांतर दर घटामागे ४.२ व्होल्ट झाले की तो ते तेथेच रोखून धरतो आणि धारा हळूहळू कमी होऊ देतो. याचे कारण घटाच्या अंतर्गत रोधात आहे. समजा, धारा २.२ अँपिअर आहे आणि घटाचा परिणामी रोध ०.०५ ओहम आहे. गुणाकार ०.११ व्होल्ट. म्हणजे मापकावर ४.२० दिसत असताना घट प्रत्यक्षात ४.०९ व्होल्टपर्यंतच भरलेला असतो. धारा घटली की हा फरकही घटतो. ती मूळ धारेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आली की चार्जर काम संपवतो.

घरात जुना निकेल-कॅडमियम घटांचा चार्जर पडलेला असेल तर तो लिपोला कदापि जोडू नका. निकेलचा घट पूर्ण भरला की त्याचे विभवांतर किंचित खाली उतरते, आणि त्या जातीचे अनेक चार्जर हीच खूण पाहून थांबतात. लिथियमच्या घटात अशी उतरण येतच नाही. चार्जर बिचारा खुणेची वाट पाहत बसतो आणि घट रेषेपलीकडे ढकलला जातो. चार्जर बिघडलेला नसतो, तो दुसऱ्याच घटाची भाषा ऐकत असतो.

आता आणखी एक खोच. तीन घट एकसरीत जोडले की पूर्ण भरलेल्या मालेचे विभवांतर १२.६ व्होल्ट. पण १२.६ ही बेरीज आहे. एक घट ४.४ व आणि उरलेले दोन ४.१ व्होल्टवर असले तरी बेरीज तीच! फक्त दोन जाड तारांवरून मोजणारा चार्जर समाधानाने ‘पूर्ण’ म्हणेल आणि एक घट मात्र धोक्यात असेल. म्हणून मालेला जाड तारांखेरीज बारीक तारांची एक पांढरी जोडणी दिलेली असते. तीन घटांना चार तारा, चार घटांना पाच. तिच्यातून चार्जर प्रत्येक घट स्वतंत्रपणे मोजतो आणि पुढे गेलेल्या घटाची थोडी धारा वळवून सर्वांना एका पातळीवर आणतो. ही बारीक जोडणी न लावता चार्ज करण्याचा आळस मला अजिबात मान्य नाही.

चार्जरवर तीन गोष्टी तुम्हालाच सांगाव्या लागतात: घटाचा प्रकार, घटांची संख्या आणि धारा. तीनच्या जागी चार घट निवडले तर चार्जरचे लक्ष्य १६.८ व्होल्ट होते, म्हणजे दर घटामागे ५.६, केवढा अनर्थ! काही मालांवर ४.३५ व्होल्टची मर्यादा छापलेली असते. ती सवलत त्यांच्यापुरतीच. धारेचा नियम सोपा आहे: क्षमतेइतकी. २२०० मिलिअँपिअर-तासांना २.२ अँपिअर, ३०० ला ०.३. वेष्टनावर ‘२५ सी’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते ते घट वापरतानाच्या धारेबद्दल असते, चार्जिंगबद्दल नाही. ही चूक मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही करताना पाहिली आहे. एका वेळेला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ त्याच खोलीत अभ्यासाला बसा. झोपेच्या वेळी किंवा घराला कुलूप लावून जाताना चार्जिंग नको.

जागा कोणती? गादी, सोफा, वर्तमानपत्रांची रद्दी, पडदे आणि गॅसची शेगडी यांपासून दूर, उघड्या फरशीवर. माला मातीच्या रिकाम्या कुंडीत ठेवली तर उत्तम. कुंडीवर झाकण घट्ट लावू नये, वायूला वाट हवी. चार्जर मात्र कुंडीबाहेर, आणि ही मांडणी खोलीच्या एकमेव दाराशी नको, नाहीतर आग लागल्यास वाटच अडते. घटाचे तापमान ० ते ४५ अंशांच्या दरम्यान असावे. विदर्भात मे महिन्यात दुपारची हवाच कधीकधी ४५ अंशांवर जाते. तेथे पत्र्याच्या छपराखाली चार्ज करू नये, सकाळची वेळ साधावी. उड्डाणानंतर माला गरम असते, तिला आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

चार्जिंगपूर्वी मालेवर बोटे फिरवून पाहा. ती फुगली असेल, पाकिटाला पोचा पडला असेल किंवा गोडसर, रसायनासारखा वास येत असेल, तर तिचे आयुष्य संपले. टाचणीने वायू काढण्याचा ‘उपाय’ कोणी सुचवला तर त्याला हा लेख वाचायला द्या. दर घटामागे ३ व्होल्टच्या बऱ्याच खाली गेलेली मालाही पुन्हा जिवंत करू नये. अतिरिक्त रिकाम्या घटात तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढे चार्ज करताना ते तांबे भलतीकडे साचून लघुपरिपथ घडवू शकते.

चार्ज होताना माला फुगू लागली किंवा तापली तर प्रथम भिंतीवरचे बटण बंद करा. धूर निघालाच तर तो हुंगू नका. त्यात हायड्रोजन फ्ल्युओराइड हा विषारी वायू असतो. सर्वांना बाहेर काढा, मोठ्यांना हाक मारा, १०१ वर अग्निशामक दलाला कळवा. लिथियम म्हटले की पाणी नको, असे रसायनाच्या तासाला शिकलेले असते. पण या घटांत धातुरूप लिथियम नगण्य असते आणि भरपूर पाणी त्यांना थंड करते. अर्थात वीज तोडल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, आणि हे काम मोठ्यांचे, तुमचे नव्हे.

आठवडाभर उड्डाण होणार नसेल तर माला भरून ठेवू नये. दर घटामागे ३.८ व्होल्टच्या आसपास ती सर्वांत सुखात राहते, आणि बऱ्याच चार्जरवर त्यासाठी वेगळी सोय असते. परीक्षा आटोपेपर्यंत कपाटात ठेवायची असेल तर हे आवर्जून करा. निकामी झालेली माला मात्र घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या दाबाखाली चिरडली तर ती गाडीतच पेटते. टोकांवर चिकटपट्टी लावून ती इ-कचरा गोळा करणाऱ्यांकडे किंवा विक्रेत्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.