खाडीपलीकडचा दिवस : करमणूक-उद्यानाची पहिली सहल आणि कुटुंबाची स्मृती

‘थीम पार्क’ या नावाने सर्वपरिचित असलेले संकल्पना-उद्यान आणि साधे करमणूक-उद्यान यांत या विषयाचे अभ्यासक फरक करतात. पाळणे, चक्र्या, घसरगुंड्या आणि उंचावरून कोसळणाऱ्या गाड्या एका आवारात मांडल्या की करमणूक-उद्यान तयार होते. त्याच यंत्रांना एखाद्या कथेचे, काळाचे किंवा काल्पनिक प्रदेशाचे नेपथ्य देऊन सगळे आवारच त्या कल्पनेभोवती रचले की त्याला संकल्पना-उद्यान म्हणतात. महाराष्ट्रातील ज्या पिढीने हे जग प्रथम १९९०च्या दशकात, तेही शाळकरी वयात, पाहिले तिच्या आठवणींत मात्र हा फरक उरलेला नाही. तिच्या लेखी महत्त्वाचे होते ते आईवडील, भावंडे आणि बहुधा एखादा मामा किंवा आत्या यांच्यासह केवळ खेळण्यासाठी काढलेला पहिला अख्खा दिवस. त्या दिवसाची स्मृती कशी घडली, कशामुळे टिकली आणि तिच्यावर कितपत विसंबता येते, हा प्रश्न मराठी मध्यमवर्गाच्या सामाजिक इतिहासाचा एक भाग आहे आणि त्याकडे आजवर फारसे गांभीर्याने पाहिले गेलेले नाही.

त्याआधी मोकळा वेळ नव्हता असे नाही, पण त्याला बहुतेक वेळा दुसरे काही प्रयोजन असे. मे महिन्याची सुट्टी मामाच्या गावाची, प्रवास देवदर्शनाचा किंवा लग्नकार्याचा, आणि थंड हवेचे ठिकाण प्रकृतीसाठी. मुलांच्या खास वाट्याला येई ती जत्रा, आणि जत्रेतला आकाशपाळणा. सुरुवातीचे लाकडी पाळणे माणसे हाताने फिरवीत, म्हणून पाळणेवाल्याचे बळ आणि त्याचा मूड यांवर फेरी किती लांबायची ते ठरे. शहरांत राणीच्या बागेतील हत्ती, मलबार हिलवरील कमला नेहरू पार्कातील १९५२ सालापासूनचा म्हातारीचा बूट, पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली धावू लागलेली फुलराणी ही छोटी आगगाडी, अशी ठिकाणे होती; परंतु तिथे मुलांनी बसायचे आणि मोठ्यांनी कठड्याबाहेर उभे राहून हात हलवायचा, अशी वाटणी ठरलेली होती.

ही वाटणी मोडण्याच्या इच्छेतूनच आधुनिक संकल्पना-उद्यान जन्माला आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याआधीही करमणुकीची आवारे जगात होती. कोपनहेगनचे तिव्होली १८४३ साली उघडले होते, १८९३च्या शिकागो प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याचा २६४ फूट उंचीचा पोलादी आकाशपाळणा एका वेळी दोन हजारांहून अधिक माणसे घेऊन फिरत होता, आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर विसाव्या शतकाच्या आरंभी दिव्यांनी झगमगणारी उद्यानेच उद्याने होती. तथापि लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर फिरत असताना आपल्याला मात्र बाकावर नुसते बसून राहावे लागते, आईबापांनी आणि मुलांनी मिळून रमावे असे ठिकाणच नाही, ही रुखरुख वॉल्ट डिस्ने यांनी वारंवार बोलून दाखवली, आणि १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे उघडलेल्या डिस्नेलँडच्या मुळाशी ती असल्याचे त्यांनी सांगितले. पुढे जगभर जे अनुकरण झाले त्यात किल्ले, बाहुल्या आणि रंगीत मिरवणुका उचलल्या गेल्या. पण अनुकरणाचा खरा गाभा मोठ्यांना बाकावरून उठवण्याचा होता.

भारतात हा प्रयोग प्रथम दिल्लीत झाला. १९८२च्या आशियाई क्रीडा स्पर्धांचे बोधचिन्ह असलेल्या हत्तीच्या पिल्लावरून नाव घेतलेले अप्पू घर १९ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रगती मैदानाच्या परिसरात सुरू झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८९ साली, सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहाने बोरिवलीच्या पश्चिमेस, खाडीपलीकडच्या गोराई येथे एस्सेल वर्ल्ड उभारले, आणि १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम हे जलक्रीडा-उद्यान आले. १९९१ नंतरची आर्थिक मोकळीक, पाचव्या वेतन आयोगाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नोकरदारांच्या हाती दिलेली वाढ आणि घरोघरी पोहोचलेला खासगी दूरचित्रवाणीचा पडदा या तीन गोष्टी जवळपास एकाच काळात जुळून आल्या नसत्या, तर गोराईचे हे आवार फार तर मुंबईच्या सधन वस्तीचे स्थळ होऊन राहिले असते. त्याऐवजी ते ठाणे, पुणे, नाशिक येथील कारकुनांच्या, शिक्षकांच्या आणि बँक कर्मचाऱ्यांच्या मुलांचे स्वप्न झाले. परीक्षेतील गुणांवर घातलेली अट, मुंबईच्या नातेवाइकांकडे आदल्या रात्रीचा मुक्काम आणि दिवाळीच्या बोनसमधून बाजूला काढलेले पैसे, असा तो संकल्प अनेक घरांत कित्येक महिने चाले.

गोराईच्या आठवणींचा विचार करताना खाडीला टाळता येत नाही. बोरिवली स्थानकाबाहेरून बसने किंवा रिक्षाने गोराईच्या धक्क्यावर, नाहीतर मालाडकडून मार्वेच्या धक्क्यावर यायचे आणि तिथून बोटीने पलीकडे जायचे, हा बहुसंख्यांचा मार्ग होता. भाईंदर-उत्तनकडून येणारा जमिनीवरचा रस्ता होता, तरी पहिल्या सहलीची मुले बोटीचा हट्ट धरत. प्रवास जेमतेम काही मिनिटांचा. पण घाटावरून किंवा विदर्भातून आलेल्या मुलाला ती आयुष्यातील पहिली बोट असे, भरती-ओहोटीचा चिखल, तिवरांची झाडी, वाळत घातलेल्या मासळीचा वास आणि इंजिनाची धडधड हे सारे त्याच्यासाठी त्या अद्भुत आवाराचे प्रवेशद्वारच होते. उद्यानाचे रचनाकार मुलांना नेहमीच्या जगातून बाहेर काढण्यासाठी कमानी, बोगदे आणि वळणदार वाटा बांधतात. गोराईला ते काम निसर्गाने आणि कोळ्यांच्या गावाने आयते करून ठेवले होते. यामुळेच पुढे परदेशातील कितीतरी मोठी उद्याने पाहून आलेल्या माणसांच्या मनात ही खाडी तशीच राहते, आणि या लेखाच्या मते महाराष्ट्रातील कोणत्याही करमणूक-उद्यानाला त्यानंतर इतके सुंदर प्रवेशद्वार लाभलेले नाही.

आत गेल्यावर ‘झिपर डिपर’ ही रुळांवरून वरखाली धावणारी गाडी, ‘थंडर’, ‘मॉन्स्टर इन द मिस्ट’ हे भुताचे घर, फिरत्या कपबशांमध्ये बसण्याचा खेळ आणि बर्फावर घसरण्याचे मैदान अशा गोष्टी होत्या. रुळांवरील गाडीचे, म्हणजे रोलर कोस्टरचे, तत्त्व साधे असते. पारंपरिक रचनेत साखळीच्या साहाय्याने गाडी सर्वांत उंच टोकापर्यंत ओढून नेतात आणि तिथून ती सोडून देतात. पुढचा प्रवास इंजिनाविना, उंचीमुळे साठलेल्या ऊर्जेचे वेगात रूपांतर होऊन घडतो. अंतर्कर्णातील द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका शरीराच्या फिरण्याची जाणीव मेंदूला देतात, आणि उतारावर आसनाचा आधार क्षणभर नाहीसा झाला की पोटात गोळा येतो. जिवाला धोका नाही हे बुद्धीला ठाऊक असते, शरीराला ते पटत नाही. अ‍ॅड्रिनॅलिन स्रवते, आणि भावनेने उत्तेजित झालेल्या अशा अवस्थेत मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग स्मृती पक्की करण्याच्या प्रक्रियेला बळ देतो. शाळेतील शेकडो दिवस विरून जातात आणि हा एक दिवस टिकतो, त्यामागे हे शारीरिक कारण निश्चितच आहे.

परंतु ते अपुरे आहे. या सहलीबद्दल आज चाळिशीत आलेली माणसे बोलू लागली की यंत्रांची वर्णने लवकर संपतात आणि माणसांची सुरू होतात. एरवी मोजके बोलणारे वडील उतारावर मोठ्याने ओरडले. नेहमी साडीत वावरणारी आई त्या दिवसापुरती पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरली. आजी पाळण्यात बसायला नको म्हणत असताना सर्वांच्या पिशव्या, चपला आणि चष्मे सांभाळत दिवसभर सावलीत बसून राहिली. प्रवेशाच्या तिकिटात बहुतेक खेळ समाविष्ट असल्याने ‘पैसे वसूल’ करण्याची जबाबदारी वडिलांनी स्वतःवर घेतलेली असे, रांगांची आखणी ते लष्करी शिस्तीने करीत. घरात अधिकाराची जी उतरंड असते ती अशा दिवशी काही तासांपुरती सैल होते. बाप घाबरू शकतो आणि आई खिदळू शकते, हे मुलाला पहिल्यांदा दिसते, आणि स्मृतीच्या केंद्रस्थानी येऊन बसतो तो हा शोध. यंत्राने त्याला केवळ निमित्त पुरवलेले असते.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. खेळाच्या तोंडाशी उभी असलेली उंचीची पट्टी, म्हणजे सुरक्षेसाठी किमान उंची दाखवणारी खूण, कित्येक धाकट्या भावंडांना त्या दिवशीचे सर्वांत मोठे दुःख देऊन गेली; दोन बोटांनी कमी पडलेली मुले टाचा उंचावून उभी राहात आणि रखवालदार त्यांच्या टाचांकडे पाहात. याहून खोल गोष्ट म्हणजे ही पिढी म्हणताना जिचा उल्लेख होतो ती राज्यातील मुलांचा एक लहान भाग होती. गोराई-मनोरीच्या कोळी आणि ईस्ट इंडियन वस्तीतील मुलांनी हे आवार कुंपणाबाहेरून पाहिले, आणि गावोगावच्या असंख्य मुलांसाठी जत्रेतला पाळणा हाच अखेरचा शब्द राहिला.

बालपणीच्या अशा आठवणी कितपत खऱ्या असतात, या प्रश्नावर स्मृतीच्या अभ्यासकांनी थेट करमणूक-उद्यानाचेच उदाहरण घेऊन काम केलेले आहे. कॅथरीन ब्राउन, रियानन एलिस आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही सहभागींना डिस्नेलँडची जाहिरात दाखवण्यात आली, जिच्यात लहानपणी तिथे बग्ज बनी या सशाशी हस्तांदोलन केल्याचा प्रसंग सूचित केला होता. बग्ज बनी हे वॉर्नर ब्रदर्स या प्रतिस्पर्धी संस्थेचे पात्र असल्याने डिस्नेच्या आवारात त्याची भेट होणे अशक्यच. तरीही ती जाहिरात पाहिलेल्यांना, न पाहिलेल्यांच्या तुलनेत, तशी भेट आपल्या आयुष्यात घडली असल्याची खात्री अधिक वाटू लागली. स्मृती म्हणजे पेटीत ठेवलेली वस्तू नसून प्रत्येक वेळी नव्याने जुळवलेली रचना असते, आणि त्या जुळवणीत जाहिरात, छायाचित्र, भावंडांचे सांगणे असे कोणतेही साहित्य मिसळू शकते, असा याचा अर्थ.

मराठी घरांना हा निष्कर्ष चांगलाच लागू पडतो. एस्सेल वर्ल्डच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीतले गाणे, ज्यात घरी परतायला नकार देण्याचा मुलांचा हट्ट होता, त्या दशकातील जवळपास प्रत्येक मुलाला पाठ होते, तिथे न गेलेल्यालासुद्धा. साहजिकच त्या गाण्यातली दृश्ये कोणाच्या आठवणीत किती शिरली आहेत हे आता वेगळे काढणे कठीण आहे. शिवाय सर्वसाधारणपणे साडेतीन वर्षांच्या आतल्या घटना मोठेपणी आठवत नाहीत, याला बालविस्मरण म्हणतात. त्यामुळे कडेवर असताना गेलेले धाकटे भावंड जे ‘आठवते’ म्हणून सांगते ते बहुधा अल्बममधून आलेले असते. आणि अल्बम तरी केवढा? रोलमध्ये ३६ छायाचित्रे, त्यांतली काही आधीच एखाद्या वाढदिवसाला संपलेली, उरलेली प्रवेशद्वारापाशी, बोटीत आणि जेवताना काढलेली. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत हे कळल्यावर फाटकाबाहेर उभ्या-उभ्या संपवलेल्या पोळीभाजीच्या डब्याचे छायाचित्र कोणी काढले नाही, आणि नेमका तोच प्रसंग घराघरांत तोंडी परंपरेने सर्वांत खणखणीत टिकला आहे. यामुळे या आठवणी कुचकामी ठरत नाहीत. एका घरातील चौघांच्या आठवणी जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथेच त्या दिवशी कोणाला काय हवे होते ते कळते.

काटेकोर अर्थाने संकल्पना-उद्यान म्हणता येईल असे ठिकाण महाराष्ट्राला पुढे लाभले. चित्रपट-व्यवसायातील मनमोहन शेट्टी यांनी खोपोलीजवळ उभारलेले इमॅजिका एप्रिल २०१३मध्ये सुरू झाले. ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावर, आणि नर्मदेच्या खोऱ्यात जीवाश्म सापडलेल्या राजासॉरस या डायनासोरवर बेतलेले खेळ तिथे होते, त्यामुळे कथेचे नेपथ्य प्रथमच इथल्या मातीतून घेतले गेले. खाडीऐवजी द्रुतगती मार्ग आला, आणि ३६ छायाचित्रांच्या जागी मोबाइलमधील शेकडो. या मुलांच्या आठवणी कशा असतील हे ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही.

ठिकाणे मात्र माणसांसाठी थांबत नाहीत. दिल्लीचे अप्पू घर फेब्रुवारी २००८मध्ये बंद झाले, आणि तिथे पहिल्यांदा पाळण्यात बसलेल्या मुलांकडे परत जाण्यासाठी जागाच उरली नाही. गोराईच्या खाडीवरून आज जाणाऱ्या बोटींतील अनेक प्रवासी तिथल्याच, २००९ साली उद्घाटन झालेल्या विपश्यना पॅगोडाकडे निघालेले असतात. आजी-आजोबांची पिढी, जिने पिशव्या सांभाळत तो दिवस बाहेरून पाहिला आणि म्हणून जिच्याकडे त्याची सर्वांत निराळी हकीकत आहे, ती वेगाने कमी होते आहे. दिवाळीच्या फराळाला एकत्र येणाऱ्या घरांनी माळ्यावरचा अल्बम यंदा खाली उतरवावा, प्रत्येकाला त्या दिवसाबद्दल वेगवेगळे विचारावे, आणि छायाचित्राच्या मागे साल, ठिकाण आणि बरोबर असलेल्या सर्वांची नावे, छायाचित्र ज्याने काढले त्याच्या नावासह, लिहून ठेवावीत. लिहिताना मऊ शिशाची पेन्सिल वापरावी, पेनाची शाई कालांतराने पुढच्या बाजूला, चेहऱ्यांवर उमटते.