हट्टी दुधाचा दात
दुधाचे दात २०. सहाव्या वर्षाच्या आसपास ते पडू लागतात आणि साधारण बाराव्या वर्षापर्यंत सगळे पडून जातात. खालून येणारा कायमचा दात जवळ आला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू झिजते आणि तो हलू लागतो. कायमचा दात वाट चुकला किंवा मुळातच तयार झाला नाही, तर दुधाचा दात पंधराव्या-सोळाव्या वर्षीही घट्ट राहतो. वरचा सुळा आणि खालची दुसरी दाढ यांच्याबाबत हे अधिक घडते. काही दाढा तर जबड्याच्या हाडालाच चिकटतात आणि शेजारच्या दातांपेक्षा खोल दबलेल्या दिसतात.

असा दात उपटायची घाई करू नये; आधी एक्स-रे हवाच. खाली दुसरा दात नसेल आणि मूळ शाबूत असेल, तर दुधाचा दात पुढे कित्येक वर्षे काम देतो. कायमचा सुळा टाळूकडे वळला असेल, तर मात्र दुधाचा सुळा १० ते १३ वर्षांच्या दरम्यान काढल्यास त्याला वाट मिळू शकते. उशीर झाल्यास हिरडी उघडून, तारांच्या मदतीने तो ओढून आणावा लागतो.

दात हिरडी बधिर करून काढतात. मूळ झिजलेले नसल्यास वेळ थोडा अधिक लागतो. नंतर कापडी बोळा दाताखाली घट्ट दाबून धरायचा आणि २४ तास जोरात चूळ भरायची नाही.