अहवालातील ‘पी ५३’

गाठीच्या तुकड्याच्या अहवालात ‘पी ५३’ या अक्षरांपुढे ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘म्यूटंट’ असे लिहिलेले असते. बेलापूर परिसरातील नातेवाईक असा कागद घेऊन येतात तेव्हा विचारतात, ‘रोग किती पसरला?’ त्याचे उत्तर या अक्षरांत नसते.

पी ५३ हे आपल्या पेशींत तयार होणारे प्रथिन होय. १९७९ साली ते ओळखले गेले. पेशीच्या जनुकांना इजा झाली की ते विभाजन थांबवते, दुरुस्तीस अवसर देते आणि दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीला मरण पत्करावयास लावते. कालव्याच्या दारावरचा पाटकरीच म्हणा ना!

ते दिसावे म्हणून प्रतिपिंड वापरतात. मेणात बसविलेल्या तुकड्याचा अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यावर प्रतिपिंड सोडले, की ते पी ५३ ला चिकटते व पुढील रसायनांनी तेथे तपकिरी रंग उमटतो. एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनविण्याची रीत कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखविली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

यातली मेख अशी, की निरोगी प्रथिन लवकर मोडते, म्हणून रंग फिका व तुरळक दिसतो. बिघडलेले प्रथिन बहुधा साचत जाते आणि पेशीकेंद्रे गडद होतात. क्वचित ते मुळीच बनत नाही. तेव्हा रंगाचा पूर्ण अभाव हाही दोषच ठरतो. म्हणून नुसते ‘निगेटिव्ह’ वाचून पेढे वाटू नयेत. अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

हा दोष बहुतेक वेळा त्या गाठीपुरताच असतो, मुलाबाळांना वारशाने जात नाही. मात्र घरात अनेकांना तरुणपणीच कर्करोग झाला असेल, तर तसे आवर्जून सांगावे.

तुकड्याची बरणी पुष्कळदा नातेवाइकांच्याच हाती दिली जाते. तीत फॉर्मालिन आहे ना, हे विचारून ती त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी. तुकडा साध्या किंवा मिठाच्या पाण्यात राहिला तर रंग भरवशाचा उमटत नाही. पुढे लोणीला, पुण्याला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे झाल्यास कागदाबरोबर मेणाचा ठोकळा व काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. वर्षांनंतरही त्या ठोकळ्यावर नवी तपासणी होऊ शकते. वैशाखात मात्र तो मोटारीच्या काचेमागे उन्हात ठेवू नये. मेण मऊ पडते.