मूत्रपिंडाचा पीत-कणार्बुदी दाह : निदान व उपचार

मूत्रपिंडाच्या जंतुजन्य विकारांपैकी काही नित्य आढळणारे असतात, तर काही इतके विरळ असतात की एखाद्या चिकित्सकाच्या उभ्या आयुष्यात त्यांची गाठ मोजक्याच वेळा पडते. अशा विरळ विकारांचा अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्याने कशासाठी करावा, असा प्रश्न सहजच निघतो. त्याचे उत्तर असे की, विरळ विकार जेव्हा परिचित विकाराचे रूप धारण करून येतो, तेव्हा तो न ओळखल्याचे मोल रोग्याला द्यावे लागते. ज्यास इंग्रजीत ‘झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस’ म्हणतात तो विकार याच जातीचा आहे. मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन जंतुदाहाचे जे रोगी आढळतात त्यांत याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास मानले जाते. ग्रीक भाषेत ‘झँथॉस’ म्हणजे पिवळा. म्हणून या लेखापुरते त्यास ‘पीत-कणार्बुदी दाह’ असे म्हणू.

एक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित, परंतु सर्वस्वी संभाव्य असे उदाहरण घेऊ. गिरगावातील फणसवाडीत, जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारी बावन्न वर्षांची एक गृहिणी आहे. सामाईक शौचकूप गॅलरीच्या टोकाला. त्यामुळे पाणी बेताने पिण्याची व लघवीची इच्छा दाबून धरण्याची सवय तिला तरुणपणापासून जडलेली. दहा वर्षांपूर्वी डाव्या कुशीत कळा येऊन मूतखड्याचे निदान झाले. कुळथाचे कढण, पानफुटीचा पाला हे उपाय झाले. कळा थांबल्या, आणि खडा विरघळला असे घरच्या सर्वांनी धरून चालले. मधल्या काळात मधुमेह जडला. आता सहा महिन्यांपासून संध्याकाळी अंग तापते, अन्नावर वासना नाही, वजन घटले आहे, जिने चढताना धाप लागते आणि डाव्या कुशीत बोथट दुखणे सतत आहे. तपासताना तेथे हाताला गोळा लागतो. रक्तात पंडुरोग आहे, श्वेतपेशी वाढलेल्या आहेत, लघवीत पू आहे.

मुंबईतील कोणाही चिकित्सकाच्या मनात अशा वेळी दोन शंका प्रथम येतील : क्षय किंवा कर्करोग. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय आणि परळचे, १९४१ साली उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय ही परस्परांपासून फार दूर नाहीत. आपल्या रोगिणीची वाट या दोहोंपैकी कोणत्याही दिशेने वळू शकते. आणि दोन्ही दिशा चुकीच्या ठरू शकतात, हाच या विकाराच्या निदानातील मुख्य प्रश्न होय.

विकार कसा घडतो

या विकाराचे पहिले वर्णन १९१६ साली श्लागेनहाउफर या विकृतिशास्त्रज्ञाने केले. पुढील संशोधनाने त्याच्या उत्पत्तीतील दोन घटक निश्चित झाले आहेत : मूत्रमार्गातील अवरोध आणि दीर्घकाळ टिकून राहिलेला जंतुसंसर्ग. अवरोधाचे कारण बहुतेक वेळा खडा असते. पुष्कळदा तो मूत्रपिंडाच्या द्रोणीचा साचाच घेतल्याप्रमाणे, हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेला असतो. जंतूंमध्ये प्रोटियस मिराबिलिस व एशेरिकिया कोलाय हे प्रमुख आहेत. स्त्रियांत, विशेषतः मध्यम वयात, हा विकार अधिक दिसतो. मुलांतही तो क्वचित आढळतो. बहुधा एकच मूत्रपिंड ग्रासले जाते.

यांपैकी प्रोटियसचे कार्य लक्षात घेण्याजोगे आहे. हा जंतू युरिएज नावाचे विकर निर्माण करतो. त्याच्या योगाने लघवीतील युरियाचे विघटन होऊन अमोनिया सुटतो, लघवी अल्कधर्मी बनते, आणि मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटाचे स्फटिक खाली बसू लागतात. म्हणजे जंतू खडा वाढवितो आणि खडा जंतूस आश्रय देतो. खड्याच्या अंतर्भागात दडलेल्या जंतूपर्यंत प्रतिजैविक औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणून औषधाने ताप उतरतो आणि औषध थांबताच पुन्हा येतो. द्रोणी भरून टाकणारा खडा जागचा हलत नसल्याने तीव्र कळाही येत नाहीत. कळा थांबणे म्हणजे खडा नाहीसा होणे नव्हे, हे आपल्या उदाहरणातील कुटुंबास कोणी सांगितले नव्हते. सारा अनर्थ तेथून सुरू झाला.

अवरोधामागे साचलेल्या पुवाने ऊतकांचा नाश होत राहतो. त्यातून सुटलेला मेद भक्षण करण्यासाठी महाभक्षी पेशी जमतात व मेदाने फुगून जातात. अशा पेशींचे थर पुवाने भरलेल्या पोकळ्यांभोवती बसतात आणि मूत्रपिंडाचा छेद घेतला असता पिवळ्या, मऊ गाठींच्या रूपाने दिसतात. विकार येथे थांबतोच असे नाही. मलेक व एल्डर यांनी १९७८ साली त्याच्या तीन अवस्था मांडल्या : पहिलीत तो मूत्रपिंडापुरता राहतो, दुसरीत सभोवारच्या मेदात शिरतो, तिसरीत त्यापलीकडील भागात व शेजारच्या इंद्रियांत पसरतो. कमरेच्या सोअस स्नायूत गळू होणे, त्वचेपर्यंत किंवा मोठ्या आतड्यापर्यंत नाडीव्रण जाणे, हे तिसऱ्या अवस्थेचे परिणाम होत.

निदान : क्षयापासून भेद

लघवीत पू आहे, परंतु नेहमीच्या संवर्धनात जंतू वाढत नाहीत, ही स्थिती मूत्रमार्गाच्या क्षयाची खूण म्हणून विद्यार्थ्यास शिकविली जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि पीत-कणार्बुदी दाहातही संवर्धन निष्फळ ठरू शकते. अवरोधामुळे रोगट मूत्रपिंडातील लघवी मूत्राशयात उतरतच नाही; तपासणीस जाते ती निरोगी बाजूची लघवी. शिवाय रोग्याने अगोदर प्रतिजैविके घेतलेली असतात. तेव्हा ‘पू आहे, जंतू नाहीत, म्हणून क्षय’ हे अनुमान एकट्याने टिकणारे नाही. क्षयाचा निर्णय आम्लस्थिर जंतूंचा शोध, त्यांचे संवर्धन आणि हल्लीच्या न्यूक्लिइक आम्लाच्या चाचण्या यांवर बसवावा.

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. पीत-कणार्बुदी दाहाच्या अनेक रोग्यांत यकृताच्या चाचण्या बिघडलेल्या असतात, आणि रोगट मूत्रपिंड काढल्यावर त्या पूर्ववत होतात. क्षयाच्या केवळ संशयावरून आयसोनियाझिड, रिफँपिसिन व पायराझिनामाइड ही औषधे सुरू केली, तर आधीच त्रासलेल्या यकृतावर त्यांचा भार पडतो. आणि महिनोन्महिने चाललेल्या उपचाराच्या आड मूळचा पू वाढतच राहतो.

निदान : कर्करोगापासून भेद

कर्करोगाशी असलेले साम्य याहून फसवे आहे. गोळा, वजनातील घट, पंडुरोग ही लक्षणे दोहोंत समान. यकृताच्या चाचण्यांतील बिघाडही मूत्रपिंडाच्या कर्करोगात, यकृतात तो पसरलेला नसताना, दिसू शकतो. छेदात दिसणारा पिवळा रंगही दोहोंत सारखा. सूक्ष्मदर्शकाखाली तर साम्य कळसास पोहोचते. मेण-छेद तयार करताना वापरलेल्या अल्कोहोल व झायलीन या द्रवांत पेशीतील मेद विरघळून जातो व महाभक्षी पेशी फेसाळ, पोकळ दिसू लागते. मूत्रपिंडाच्या स्वच्छ-पेशी कर्करोगातील पेशीही याच कारणाने रिकाम्या दिसतात. मेदाचे रंजन करून भेद होईल असे वाटण्याचा संभव आहे. पण मेद दोहोंतही असतो. म्हणून सुईने काढलेल्या अल्पशा नमुन्यावर, किंवा शस्त्रक्रिया चालू असताना केलेल्या गोठण-छेदावर, अंतिम निर्णय देताना विकृतिशास्त्रज्ञाने फार सावध असावे. प्रतिरक्षा-रंजनाने हा भेद करता येतो : महाभक्षी पेशी सीडी-६८ या खुणेस प्रतिसाद देतात, कर्कपेशी केराटिन व पॅक्स-८ यांसारख्या उपकला-पेशींच्या खुणांस देतात. सभोवार प्लाझ्मापेशी, लसीकापेशी व बहुकेंद्रकी महापेशी यांची मिसळ असणे हेही दाहाच्या बाजूचे प्रमाण होय. मात्र दोन्ही विकार एकाच मूत्रपिंडात एकत्र आढळल्याची उदाहरणे आहेत. म्हणून काढलेले मूत्रपिंड अनेक ठिकाणी छेद घेऊन तपासावे.

प्रतिमांचे साहाय्य

साध्या क्ष-किरण चित्रात खडा दिसतो, श्राव्यातीत ध्वनीच्या तपासणीत फुगलेले मूत्रपिंड व पोकळ्या दिसतात. सर्वांत अधिक माहिती मिळते ती संगणकीय छेदचित्रणाने. मूत्रपिंड मोठे झालेले, मध्यभागी आकसलेल्या द्रोणीत खडा, आणि त्याभोवती कमी घनतेची, कडा उजळलेली गोलाकार क्षेत्रे, अशी आकृती उमटते. अस्वलाच्या पंजाची उपमा तिला दिली जाते. ही आकृती, खडा आणि मूत्रपिंडाचे मंदावलेले वा लुप्त झालेले कार्य ही तिन्ही एकत्र मिळाली तर शस्त्रक्रियेपूर्वीच निदान बरेचसे निश्चित होते. विकाराचा विस्तार किती, हेही याच चित्रावरून ठरते. परंतु विकार जेव्हा मूत्रपिंडाच्या एखाद्याच भागात असतो व खडा नसतो, तेव्हा तो कर्कगाठीसारखाच दिसतो, हे विसरता कामा नये.

उपचार

सर्वव्यापी विकारात मूत्रपिंड काढून टाकणे हाच निश्चित उपचार होय. एका मूत्रपिंडावर मनुष्य निर्वेध जगू शकतो हे गृहीत आज आपणांस स्वयंसिद्ध वाटते. परंतु १८६९ साली हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह सिमोन यांनी पहिले योजनापूर्वक मूत्रपिंड-छेदन केले, तेव्हा ते त्यांस प्रथम कुत्र्यांवरील प्रयोगांनी पडताळून पाहावे लागले होते. त्यांचा तो प्रश्न प्रत्येक रोग्याच्या बाबतीत आजही नव्याने विचारावा लागतो : दुसरे मूत्रपिंड समर्थ आहे काय? किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने प्रत्येक मूत्रपिंडाच्या कार्याचा वाटा काढता येतो. रोगट बाजूचा वाटा शेकडा दहाहूनही कमी असल्यास ती बाजू सामान्यतः निकामी समजतात.

शस्त्रक्रियेची घाई मात्र करू नये. प्रथम योग्य प्रतिजैविके द्यावीत, रक्तशर्करा ताब्यात आणावी, पंडुरोग व कुपोषण यांचे निवारण करावे. पू कोंडलेला असल्यास त्वचेतून नळी घालून त्याचा निचरा करावा. या नळीतून मिळालेल्या पुवाचे संवर्धन लघवीच्या संवर्धनाहून अधिक विश्वसनीय ठरते. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कठीण असते. दाहामुळे मूत्रपिंड आतडे, प्लीहा, मध्यपटल व मोठ्या रक्तवाहिन्या यांना चिकटलेले असते आणि नेहमीचे स्तर सापडत नाहीत. दुर्बिणीद्वारे ती करता येते; पण विस्तार मोठा असल्यास उघड्या शस्त्रक्रियेची सिद्धता ठेवावी. काढलेल्या ऊतकाचा एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये न बुडविता, निर्जंतुक मिठाच्या द्रावणात संवर्धनासाठी पाठवावा. फॉर्मेलिनने जंतू मरतात आणि क्षयाची शंका कायमची अनिर्णित राहते. विकार एका भागापुरताच असल्याची खात्री झाल्यास तेवढाच भाग काढून उर्वरित मूत्रपिंड वाचविता येते. मुलांतील काही रोगी केवळ प्रतिजैविकांनी बरे झाल्याचेही नमूद आहे.

रोगट मूत्रपिंड पूर्णपणे निघाल्यावर फलित बहुधा चांगले असते. ताप जातो, वजन वाढते, यकृताच्या चाचण्या सुधारतात, आणि दुसऱ्या बाजूस हा विकार होणे अत्यंत विरळ. आपल्या उदाहरणातील गृहिणी फणसवाडीचे तीन जिने पुन्हा चढू लागेल, अशी अपेक्षा ठेवण्यास आधार आहे.

तरीही हे यश अपुरे म्हटले पाहिजे, कारण ते एक इंद्रिय गमावून मिळालेले आहे. ते इंद्रिय दहा वर्षांपूर्वी, खडा प्रथम दिसला तेव्हा, बहुधा वाचविता आले असते. कळा थांबल्यानंतर पुन्हा एकदा चित्र काढून खडा खरोखर गेला की नाही हे पाहणे, वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गामागे अवरोध शोधणे, आणि मधुमेही स्त्रीच्या कुशीतील बोथट दुखण्यास क्षुल्लक न मानणे, या तीन साध्या गोष्टी त्यासाठी पुरेशा होत्या. विरळ विकारांच्या अध्ययनाचे प्रयोजन विद्वत्तेच्या प्रदर्शनात नसून, त्यांची सुरुवात किती सामान्य असते हे ओळखण्यात आहे.