पीक हातचे गेल्यावरची उपकारस्तुती

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे तेरणा खोऱ्यातले आणि साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे गाव ज्या पट्ट्यात वसले आहे, तेथे ऋण मानण्याचे वेळापत्रकही पाऊसच ठरवतो. मार्गशीर्षातील अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडील कुटुंबे शेतात कडब्याची कोप उभारतात, भज्जी, उंडे आणि आंबिलाचा नैवेद्य दाखवतात आणि काळ्या आईपुढे हात जोडून रानातच पंगत मांडतात. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजातही याच जातीचा एक दिवस असतो. वसईकडे तो ‘आगेरा’ म्हणून ओळखला जातो, तर मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये त्याला हंगामाचा सण म्हणतात. ज्याच्या घरी जे पिकले असेल ते, ज्वारीची पायली, भोपळा, अंड्यांची टोपली किंवा पाय बांधलेली कोंबडी, त्या दिवशी मंदिरात आणले जाते आणि उपासना संपल्यावर त्याचा लिलाव होतो. बाजारात ज्या भोपळ्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही त्याच्यावर येथे चढाओढीने बोली लागते, आणि घेणारा कित्येकदा तोच भोपळा पुन्हा लिलावात ठेवून देतो. देवाच्या दानाबद्दल मानलेल्या अशा आभारांना मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘उपकारस्तुती’ म्हणतात. आजारातून उठल्यावर घरी ठेवलेली भक्ती आणि नोकरी लागल्यावर दिलेले दान ही तिचीच रूपे होत.

परंतु ज्या वर्षी पायलीभर ज्वारीही घरात येत नाही, त्या वर्षी काय करावे, हा प्रश्न या मुलखात पुस्तकी नाही. 2012 आणि 2015 या वर्षांनी मराठवाड्याला होरपळून काढले, आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या रेल्वेगाड्या कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गाने याच परिसरातून गेल्या. बायबलच्या जुन्या करारातील हबक्कूक हा संदेष्टा नेमक्या अशाच वर्षाचे चित्र उभे करतो. फळझाडे, शेत, मेंढवाडा आणि गोठा अशा क्रमाने तो सगळा तोटा एकेक करून मोजतो, त्यातले काहीही झाकत नाही, आणि हिशेब पुरा झाल्यावरच देवाच्या ठायी आनंद मानण्याचे ठरवतो. संकटातील ख्रिस्ती कृतज्ञता समजून घ्यायची तर हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो, कारण तोटा नाकारून मानलेले आभार या परंपरेच्या मुळाशी नाहीत. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांतील बहुतेक शेवटाकडे स्तुतीकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते संहितेत जागा राखून आहे. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला जी सूचना केली ती सर्व परिस्थितीत आभार मानण्याची होती. प्रत्येक आपत्तीबद्दल आभार मानावेत, असा तिचा अर्थ लावणे हे ओढूनताणून केलेले वाचन होय. खुद्द येशूने भाकर हाती घेऊन आभार मानले ते त्याचा विश्वासघात झाला त्याच रात्री, आणि प्रभुभोजनाचा विधी, ज्याला कॅथलिक मिस्सा म्हणतात, तो त्या रात्रीच्या स्मरणावर उभा आहे.

महाराष्ट्रात या वृत्तीचा सर्वांत खडतर कस ज्यांच्या आयुष्यात लागला, त्या पंडिता रमाबाई होत. 1858 मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण हे तिघेही 1870च्या दशकातील दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेले; भावाचा मृत्यू त्यानंतर काही वर्षांनी झाला आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने दगावले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदासदन विधवांच्या शिक्षणासाठी होते, पण 1896-97 च्या दुष्काळाने कामाचे स्वरूप पालटले. उपासमारीत आपल्या घराचे काय झाले हे विसरणे ज्यांना शक्य नव्हते, त्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली व स्त्रिया पुण्याकडे घेऊन आल्या. केडगावच्या शेतजमिनीवर उभ्या राहिलेल्या ‘मुक्ती’त त्यांची सोय झाली, आणि छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, गुजरातेतूनही मुली आल्यावर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आपण वाचलो याचे देणे त्यांनी दुसऱ्याला वाचवून फेडायला घेतले, आणि येथे उपकारस्तुती हा शब्द उपासनेच्या वहीतून निघून धान्याच्या कोठारात, विहिरीवर, हातमागावर आणि छापखान्यात जाऊन बसतो.

बॉस्टनमध्ये 1887 साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या साहाय्याची दहा वर्षांची मुदत 1898 मध्ये संपली, तेव्हा ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या अनाथालयांचा दाखला डोळ्यांपुढे ठेवून देवावर विसंबून काम चालवण्याची भाषा मुक्तीत रुजली. अर्थात जे मिळाले त्याबद्दल देवाचे आभार मानणारी त्यांची वृत्तांतपत्रे वाचणाऱ्याला अजून काय हवे आहे हेही नीट कळत असे, आणि त्यात लपवाछपवीही नव्हती.

तथापि या बाईंच्या कृतज्ञतेत मुकाट सोसण्याला थारा नव्हता. 1897 मध्ये पुण्यात प्लेगची साथ असताना आपल्या आश्रमातील एका मुलीच्या बाबतीत सरकारी प्लेग-व्यवस्थेत जे घडले त्यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जळजळीत पत्र लिहिले. ते ब्रिटिश संसदेपर्यंत गाजले आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यातील आरोप फेटाळले. देवाचे उपकार मानणारी व्यक्ती सरकारचेही उपकार मानेल, ही अपेक्षा येथे साफ फसली. आजही दुःखी माणसाला ‘देवाची इच्छा, आभार मान’ असे सांगून गप्प बसवणारे लोक मंडळ्यांमध्ये भेटतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात ज्यांची घरे माणसांसकट गाडली गेली त्यांच्यापुढे ही भाषा बोलणे धर्माला धरून तर नाहीच, पण निर्दयही आहे. तेथे आधी ढिगारे उपसायचे आणि विलापाला जागा द्यायची असते. उपकारस्तुती कधी करायची हे ज्याचे घर पडले त्याने ठरवावे.

जुलै 1921 मध्ये मनोरमाही गेली. त्या वेळी रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. ऐकणे जवळजवळ बंद झालेले आणि प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी ते काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले, आणि तो ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यात, तेथेच वाढलेल्या मुलींच्या हातून छापला गेला.