मोबाइल उघडण्यापूर्वीचा प्रश्न

वजन, उंची, लसीकरण, आहार आणि झोप यांची विचारपूस हा बालरुग्णतपासणीचा नित्याचा भाग. अलीकडे मी त्यात एक प्रश्न जोडला आहे : घरात मोबाइल कशासाठी उघडला जातो? ‘किती तास’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा अंदाजाने आणि थोडे कमी करूनच मिळते. ‘कशासाठी’ म्हटले की आई, वडील आणि पंधरा वर्षांचा मुलगा एकमेकांकडे पाहू लागतात.

समाजमाध्यमे सरसकट अपायकारक ठरविणे मला मान्य नाही. इंदूरमधील कितीतरी मराठी घरांत आजी-आजोबा येथे आणि नातवंडे पुण्यात वा परदेशात अशी स्थिती आहे. व्हिडिओ कॉलवरील आजीची गोष्ट हाच काही नातवंडांचा मराठीशी उरलेला नियमित संबंध असतो. इंडियन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सूचनांत दोन वर्षांखालील बालकांना पडदा वर्ज्य आहे. मात्र नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा अपवाद केलेला आहे. तेथे समोर माणूस असतो आणि तो बाळाच्या हुंकाराला प्रतिसाद देतो.

निरुद्देश बोट सरकवीत राहणे ही मात्र निराळी क्रिया होय. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. येथे ते हेतुपुरस्सर ठेवलेले नाही. साहजिकच पहिला घाला झोपेवर पडतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील १४३ विद्यार्थ्यांवरील प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम व स्नॅपचॅट यांचा वापर तीन आठवडे रोज प्रत्येकी दहा मिनिटांवर आणला. त्यांच्यातील एकाकीपणा व नैराश्य घटले. मला अधिक लक्षणीय वाटली ती दुसरी गोष्ट : ज्यांच्यावर कोणतेच बंधन नव्हते, त्यांचीही चिंता काहीशी कमी झाली. आपल्या वापराकडे लक्ष गेल्याचा हा परिणाम असावा, असे संशोधकांनी सुचविले. प्रयोग लहान होता, हे ध्यानात ठेवावे. पण औषध निरुपद्रवी आहे.

म्हणून मी पालकांना आधी मोबाइलमधील साप्ताहिक वापराची नोंद मुलासह पाहावयास सांगतो, आणि ती स्वतःच्या मोबाइलपासून सुरू करावयास सांगतो. अनावश्यक सूचनाध्वनी बंद करावेत, रात्री सर्वांचे मोबाइल शयनगृहाबाहेर ठेवावेत. (आपल्या डॉक्टरांच्या गटांतील सुप्रभाताची फुले सकाळपर्यंत कोमेजत नाहीत, तातडीच्या रुग्णांसाठी फोनची घंटा पुरेशी आहे.)

किशोरवयीन मूल एकाएकी अबोल झाले, मोबाइल लपवू लागले, जेवण वा शाळा टाळू लागले, तर मोबाइल हिसकावून घेऊ नये. हिसकावला की पुढच्या वेळी ते काहीच सांगत नाही. काय पाहिले, कोणी काय लिहिले, हे शांतपणे विचारावे. जगणे नकोसे झाल्याचा नुसता उल्लेख जरी आला, तरी त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीही उपलब्ध असते.