संडासातून रक्त जातंय? बंदीची वाट बघू नका



आज मासळीचा दर नाही, डिझेलची सबसिडीही नाही. आजचा विषय जेटीवर कोणी काढत नाही, म्हणूनच लिहीत आहोत.

आपल्यातल्या एका ट्रॉलरमालकाला ऑगस्टपासून संडासवाटे रक्त जात होतं. मूळव्याध असेल, म्हणून तो गप्प राहिला. तिखट सोडलं, झाडपाला घेतला. मे महिन्यापर्यंत चेहरा पांढरा पडला, बर्फाची पेटी उचलताना दम लागू लागला. बायकोने मागे लागून त्याला जूनमध्ये डॉक्टरकडे नेलं. आतड्यात मोठा कोंब निघाला, ज्याला पॉलिप म्हणतात. रक्त त्यातूनच जात होतं. दुर्बिणीतूनच तो काढला. कॅन्सर नव्हता, पण तसाच ठेवला असता तर पुढे होऊ शकला असता. नाव न घालता हे लिहा, असं त्यानेच आम्हाला सांगितलं. तो म्हणतो, "तपासणीला अर्धा तास लागला. भीतीत मात्र दहा महिने काढले."

सगळ्यांचं असंच निभावेल असं आम्ही म्हणत नाही. पण फळीतून पाणी झिरपताना दिसलं की आपण होडी वर काढून बघतोच ना? मग स्वतःच्या अंगाचं का नाही?

डॉक्टरकडे कधी जायचं?

- संडासातून रक्त गेलं, लाल असो वा डांबरासारखं काळं. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तसं असेल तर डॉक्टरांना सांगा.)
- तीन आठवड्यांहून जास्त दिवस पोटाची सवय बदलली: सारखं पातळ, किंवा नव्यानेच बद्धकोष्ठ.
- कारण नसताना वजन उतरलं, किंवा रक्त कमी झालं.
- शौचाला जाऊनही पोट साफ न झाल्यासारखं वाटतं, पोटात गाठ लागते.
- आई, वडील किंवा भावंडांना आतड्याचा कॅन्सर झाला होता.

यातलं बरंचसं मूळव्याध, चीर किंवा जंतुसंसर्गानेही होतं. पण मूळव्याध आणि कॅन्सर दोन्हींत रक्त जातं, आणि नुसतं बघून फरक कळत नाही. मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरा आजार होणार नाही असंही नाही.

भीती कशाची?

*"वाईट निघालं तर?"* तपासणीने आजार येत नाही, असलेला कळतो. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं लागतात, त्याआधी काढला तर प्रश्नच मिटतो. कॅन्सर असला तरी आतड्यापुरता असताना सापडला, तर दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही जगलेले असतात, असं अमेरिकेतले आकडे सांगतात. पसरल्यावर हे गणित फार बिघडतं. फुटबॉलवेड्या गोव्यात पेले कोणाला माहीत नाही? कोविडमुळे त्यांच्या नेहमीच्या तपासण्या लांबल्या होत्या. 2021 मध्ये त्या केल्या तेव्हा आतड्यात गाठ सापडली. डिसेंबर 2022 मध्ये ते गेले.

*"लाज वाटते."* डॉक्टर आधी बोटाने तपासतात, एखाद-दोन मिनिटांचं काम. त्यांचं हे रोजचं आहे. बायकांना बाई डॉक्टर हवी असेल तर तसं खुशाल सांगावं.

*"दुखेल."* कोलोनोस्कोपीत बोटाएवढी जाड, लवचीक नळी गुदद्वारातून आत घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो. साधारण 20 ते 40 मिनिटं लागतात. गुंगीचं औषध देतात, त्यामुळे बहुतेकांना फारसं आठवतही नाही. पॉलिप काढताना दुखत नाही. आतड्याला इजा होणं फार क्वचित. नंतर थोडा गॅस होतो. मात्र पोटात जोरात दुखलं, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर लगेच परत हॉस्पिटलात.

खरा त्रास आदल्या दिवशीचा

पोट साफ करायचं औषध भरपूर पाण्यातून घ्यावं लागतं आणि सारखं संडासला पळावं लागतं. त्या दिवशी घरीच राहा. पेजेचं निवळ, शहाळ्याचं पाणी, कोरा चहा चालतो. कोकमाचं सरबत आणि सोलकढी नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. आतडं नीट साफ नसेल तर तपासणी पुन्हा करावी लागते. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका. सोबत घरचं माणूस न्या. गुंगीमुळे 24 तास गाडी नाही, बोटही नाही.

बंदीपर्यंत थांबायचं का?

नाही. 1 जून ते 31 जुलै बोटी बंद असतात, पण आजार बंदी पाळत नाही. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून गरजेप्रमाणे बांबोळीला गोमेकॉत पाठवतात. दीनदयाळ योजनेचं कार्ड असेल तर सोबत ठेवा. समुद्रात असताना खूप रक्त गेलं, चक्कर आली, किंवा पोट फुगून उलट्या होऊन गॅससुद्धा जाईना, तर जाळं आवरा आणि बंदर गाठा. मासळी उद्याही मिळेल.

बोटमालकांना एक विनंती. खलाशाने पोटाच्या तपासणीसाठी दोन दिवस मागितले, तर कारण न विचारता द्या. गावापासून लांब आलेला पोरगा हे आपणहून सांगणार नाही.

हा मजकूर घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. कोणाला एकट्याने जायला भीती वाटत असेल तर सोसायटीत येऊन सांगा, आपल्यातलं कोणीतरी सोबत येईल.